नको म्हटलेली सायकल

डिसेंबरात एखाद्या पहाटे पाय आपोआप चादरीत ओढले जातात, पंखा एकवर आणावासा वाटतो, आणि आमच्या कांदिवलीत थंडी आली असं समजायचं. सोसायटीचा वॉचमन माकडटोपी चढवतो. समोरच्या टॉवरचे वरचे मजले धुरकट हवेत नाहीसे होतात. आणि माझ्या मोबाईलवर वर्षभर झोपलेला सायकलवाल्यांचा ग्रुप जागा होतो. पूर्वी या दिवसांत त्यावर एवढंच यायचं, ‘उद्या पाच वाजता. कोण कोण?’ यंदाच्या थंडीचा पहिला मेसेज असा होता: ‘गिअरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं का सगळ्यांनी? जुन्या व्हर्जनला मागचा गिअर अडकतोय.’

सायकलचं सॉफ्टवेअर. मी ते वाचलं आणि सकाळी सकाळी तोंड कडू झालं.

माझं वय त्रेपन्न. अंधेरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं रक्त तपासते आहे. म्हणजे मशीन म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी बाई मी नव्हे. आमच्याकडे पेशी मोजणारं यंत्र आलं तेव्हा पहिली खूश मीच झाले होते, कारण दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून माझी मान गेली होती. सायकलीतही जे चांगलं आलं ते चांगलंच आहे. हेल्मेट हलकं झालं, दिवे झकास झाले, टायर जरा रुंद झाले तर आमच्या खड्ड्यांत हाडं वाचायला लागली. पावसाळी उतारावर डिस्क ब्रेक लागतो तो खरंच लागतो, हे मी कबूल करते. पण लांब पल्ल्याच्या सायकलवर, ज्याला हल्ली सगळे रोड बाईक म्हणतात, गेल्या काही वर्षांत जे काय चालवलंय, त्याचा मला राग आहे. नुसता राग नाही, तिडीक आहे. आणि ती तिडीक कुठून आली ते मला तारीखवार नसलं तरी वळणवार आठवतं. चार थंड्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी आणि हेमा रोज सकाळी सायकल चालवायचो.

हेमा वर्सोव्याची. कोळीण. पाच फूट आठ इंच उंच, खांदे पोहणाऱ्या माणसासारखे, आवाज बाजारात कमावलेला. तिची माझी ओळख वर्सोव्याच्या जेट्टीवर झाली. मढला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकल चढवताना माझा तोल गेला, आणि मागून कुणीतरी माझी सायकल एका हाताने आणि मला दुसऱ्या हाताने धरलं. “पयले सायकल, मंग तू,” ती म्हणाली. “दोगी एकदम कशाला चढता?” तिच्याजवळही सायकल होती. गडद हिरवी, बारीक लोखंडी नळ्यांची, जुन्या पद्धतीची. गिअर बदलायच्या दोन छोट्या दांड्या हँडलवर नसून खालच्या नळीवर. गिअर टाकायचा तर एक हात सोडून खाली वाकावं लागे. ती सायकल तिच्या मोठ्या भावाची. तो तरुणपणी शर्यती करायचा, नंतर बोटीवर गेला आणि सायकल हिच्याकडे आली.

त्या थंडीत आमचा नेम ठरलेला होता. पाचला मी अंधेरीमार्गे तिच्याकडे पोचायचे. कोळीवाड्यात शिरताना आधी वास यायचा, मग उजेड दिसायचा. बांबूच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीनं, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. थंडीच्या कोरड्या वाऱ्यात ते हळूहळू काचेसारखे होत जायचे. हेमा दारात सायकल पुसत असायची. खारी हवा लोखंड खाते म्हणून रोज बोटीच्या इंजिनातल्या तेलाचं फडकं ती नळ्यांवरून फिरवायची, लहान मुलाच्या अंगाला तेल लावावं तशी. मग पहिली फेरी. बोटीत आमच्याबरोबर दूधवाले, मढच्या शाळेतल्या एक बाई, बर्फाच्या लाद्या. पलीकडे उतरलं की मढ ते मार्वे रस्ता मोकळा, एका बाजूला तिवरं, अंगावर शहारा. हेमा पुढे, मी मागे. तिच्या चेनचा एक बारीक सलग आवाज यायचा, शिवणयंत्रासारखा. गिअर बदलताना ती खाली वाकायची, दांडी बोटभर सरकवायची, कान देऊन ऐकायची, परत केसभर मागे आणायची. “काय ऐकतेस गं?” मी विचारलं होतं. “बसला का नाय ते,” ती म्हणाली. “बसला की गप होतो.”

साडेसातला ती परत. आठला बाजारात, पाटावर, समोर कोयता, बाजूला पाट्या. मी लॅबमध्ये. दिवसभर माझ्या हातमोज्यांच्या आत मार्वेच्या रस्त्याचा गारवा राहायचा.

सायकलचं जे काही व्हायचं ते लक्ष्मणमामा करायचे. अंधेरीत एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पत्रा आणि एक लाकडी पेटी. मूळ मालवणकडचे, माझ्या आईच्या गावापासून दोन गावं पलीकडले. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तेव्हा यांनी पाना हातात घेतला. त्यांच्याकडे सायकल नेली की ते ती उलटी करायचे, चाक फिरवायचे आणि डोळे मिटायचे. कुठे काय दुखतंय ते त्यांना हातानं कळायचं. माझ्या लॅबमध्ये जसे जुने डॉक्टर रिपोर्ट बघायच्या आधी पेशंटची नखं बघतात, तसं.

मग त्या थंडीत दोनशे किलोमीटरच्या राईडची टूम निघाली. मुलुंडहून निघायचं, नाशिक रस्त्यानं कसारा घाट चढून इगतपुरीला जायचं, तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा आणि परत मुलुंडला यायचं. सगळं मिळून साडेतेरा तासांत. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आलात तर एक पदक. नावं हेमानंच नोंदवली, तिचं आणि माझं. मला म्हणाली, “सुमे, मी वर्सोव्याच्या भायेर सायकलवर कवा गेलेच नाय. मना घाट बघायचाय.” अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या बाईचा चेहरा हे म्हणताना इतका उघडा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

आणि इथून पुढे मी शहाणपणा सुरू केला.

आमच्या ग्रुपमध्ये समीर नावाचा एक गृहस्थ आहे. चाळिशीचा, मुलुंडचा, स्वभावानं अगदी मदतीला धावणारा. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. तो दरवर्षी नवी सायकल घेतो. एका वर्षाची झाली की तिला ‘जुनी’ म्हणतो. त्याची अशी एक जुनी घरात पडून होती. कार्बनची, एका बोटानं उचलेल अशी. गिअरची केबलच नाही. ब्रेकच्या मुठीला बटणं, बटण दाबलं की मागे छोटी मोटर ‘झिक्’ करते आणि चेन सरकते. बॅटरी सीटखालच्या दांड्याच्या आत. सगळ्या वायरी, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या हँडलच्या पोटातून फ्रेमच्या पोटात. बाहेरून काही दिसत नाही. नुसती काळी, गुळगुळीत, एखाद्या माशासारखी. समीर म्हणाला, “हेमाताईंना माझी जुनी देतो ना. उंचीला बरोबर बसेल.”

मी ते हेमाला सांगितलं. ती म्हणाली, “नको. माझी हाय ना.”

दोन दिवसांनी मी परत विषय काढला. घाट, वजन, आपलं वय. “तुझ्या सायकलला चढाचा गिअरच नाही गं. हिच्यात एवढा हलका गिअर आहे की भिंत चढशील. गुडघे सांभाळायला नकोत का आपल्याला?” हे शब्द माझे आहेत. गुडघे सांभाळायला. ती म्हणाली, “नको सुमे. मना त्यातलं काय समजत नाय.” मी म्हटलं, “त्यात समजायचं काय, बटण तर दाबायचं.”

तिसऱ्यांदा मी तिला विचारलंच नाही. समीरकडून सायकल घेतली आणि गाडीत टाकून तिच्या दारात नेऊन उभी केली. ती बराच वेळ बघत राहिली. नळीवरून बोट फिरवलं. “हिला तेल कुठं लावायचं?” म्हणाली. मी हसले. मग ती पुन्हा “नको गं” म्हणाली, पण अगदी हळू, आणि मी ते ऐकू आलं नाही असं केलं.

सीट वरखाली करायला आम्ही ती लक्ष्मणमामांकडे नेली. त्यांनी ती नेहमीसारखी उलटी केली, चाक फिरवलं, डोळे मिटले. मग उघडले. हँडलजवळ वाकून बघितलं, बोटानं चाचपलं. “ह्या काय हाडलंस गो?” मला म्हणाले. “हेच्यात हात घालूक जागाच नाय. हँडलाखालची बेरिंग बदलूची झाली तर आदी ब्रेकचा सगळा तेल काढूक होया. बेरिंगीसाठी ब्रेक खोलूचो? कोणी सांगल्यान हे असा करूक?”

“मामा, कंपन्या विचार करूनच करतात ना.”

“करतत. पण रस्त्यार बंद पडली तर करतलो कोण?”

मी त्यांनाही हसले. जुनी माणसं, असं मनात म्हटलं. तेव्हा माझ्या लॅबमधल्या टेबलावर, त्या पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या शेजारी, माझा जुना मायक्रोस्कोप कापड घालून ठेवलेला होता. यंत्र बंद पडलं की काच पुसून त्याच्यावर बसायचं, हे मी गेली कित्येक वर्षं करत होते. आणि तरी मला तेव्हा तो आठवला नाही. माणूस आपलं शहाणपण कामावर ठेवून घरी येतो की काय, कोण जाणे.

हेमाला बटणं जमली. अर्ध्या तासात जमली. मढच्या रस्त्यावर ती वाऱ्यासारखी गेली आणि परत येऊन म्हणाली, “पळते चांगली. पण बोलत नाय.” बॅटरी चार्ज करायचं काम मी माझ्याकडे घेतलं. तिची चार्जिंगची वायर वेगळीच होती, मोबाईलची चालायची नाही. राईडच्या आधीच्या रविवारी मी बॅटरी पूर्ण भरली, हिरवा दिवा बघितला, वायर टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली. शनिवारी दुपारी दोन्ही सायकली गाडीत एकीवर एक आडव्या टाकून आम्ही मुलुंडला माझ्या भावाकडे निघालो. ट्रॅफिकमध्ये दोन तास. त्या दोन तासांत माझ्या सायकलचं पायडल तिच्या सायकलच्या एका बटणावर दाबून बसलं होतं, असं नंतर समीरनं शोधून काढलं. बटण दाबलेलं राहिलं की बॅटरी गळत राहते म्हणे. हे त्या सायकलच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. सायकलला पुस्तक असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

रविवारी पाचला निघालो. साठएक माणसं, लाल दिव्यांची माळ. भिवंडीपलीकडे धुकं होतं आणि शेतातून पेंढा जाळल्याचा वास येत होता. हेमा पहिल्या तासाभरातच दिसेनाशी झाली. मला आनंद झाला. मी माझ्या साध्या केबलच्या सायकलवर माझ्या चालीनं जात होते आणि मनात म्हणत होते, बघ, ऐकलं असतं तुझं तर?

कसाऱ्याला घाट सुरू होतो त्याच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथं ती उभी दिसली. कमरेवर हात. सायकल टपरीच्या खांबाला टेकवलेली आणि तिच्याभोवती चार पुरुष, आपल्या ग्रुपमधले, चौघांच्याही हातात मोबाईल. एकाच्याही हातात पाना नाही. एक म्हणत होता, “ॲप जोडून बघू या.” दुसरा म्हणत होता, “सिस्टिम रिसेट मारा, पुढचं बटण पाच सेकंद दाबून धरा.” तिसरा तेच कुणाच्या तरी व्हिडिओत शोधत होता आणि रेंज येत नव्हती. सायकल मेली होती. सपाटीवर जोरात जाताना असतो तो सगळ्यात जड गिअर, त्यावरच मेली होती. चौथ्यानं चेन हातानं उचलून मागच्या मोठ्या चकतीवर टाकली. चाक दोन वेळा फिरलं आणि चेन खडखड करत परत जड गिअरवर आली.

“वायर आहे का चार्जिंगची?” त्यानं मला विचारलं. “पॉवर बँक आहे माझ्याकडे.”

“घरी आहे,” मी म्हटलं.

हेमानं माझ्याकडे बघितलं. मी माझी सायकल पुढे केली. “तू ही घे. मी थांबते.” तिनं बसून बघितलं. मी पाच फूट; सीट होती तेवढी वर काढली तरी तिचे गुडघे हँडलला लागत होते. वीसेक पावलं जाऊन ती परत आली.

“चालत जाऊ या का वरपर्यंत?”

“चालायचं असतं तर चालत आले असते,” ती म्हणाली आणि त्या काळ्या माशावर चढली.

कसारा घाट मी त्यानंतर गाडीनं कितीदा तरी चढले आहे आणि दर वेळी त्या वळणांवर मी खिडकीबाहेर बघत नाही. मी तिच्या मागे होते. माझे पाय हलक्या गिअरवर भराभर फिरत होते आणि पुढे ती प्रत्येक पायडलवर अख्खी उभी राहत होती, सगळं वजन एका पायावर, मग दुसऱ्या. पंप हापसावा तसं. ट्रकवाले बाजूनं जाताना हॉर्न मारून ‘शाबास मावशी’ ओरडत होते. एकदाही तिनं पाय खाली टेकला नाही. अर्ध्यावर एका वळणाला मला तिचा आवाज आला. ओरडणं नव्हतं, लहानपणी कुणी चिमटा काढला की निघतो तसा, एवढासा. मग तिचा उजवा पाय वेगळा पडायला लागला.

“हेमा, उतर.”

“गप.”

“अगं उतर ना, प्लीज.”

“बोलू नको, सुमे. माझा दम जातो.”

ती चढली. अख्खा घाट त्या गिअरवर चढली. इगतपुरीला कार्डावर शिक्का घेतला तेव्हा वेळ हातात होता. गुडघा तोवर नारळाएवढा झाला होता. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती मागं वळून दरीकडे बघत होती, धुकं वर आलं होतं आणि खाली ऊन पडलं होतं. “बघितला घाट,” म्हणाली. उतार तिनं उतरला. खर्डीपाशी सपाटी लागली आणि पायडल मारायची वेळ आली, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला गेली, सायकल आडवी केली आणि शेजारी बसली.

मी थांबले. खरंच थांबले. ती म्हणाली, “तू जा. तुझी वेळ जाते. मी टेम्पो बघते.”

आणि मी गेले.

हे वाक्य मी गेली चार वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. गेले. मनात हिशेब होता की आपण थांबून तरी काय करणार, ती म्हणतेय ना जा, पुन्हा ही संधी कधी. उन्हात, एकटीनं, चार तास सायकल मारली. संध्याकाळी मुलुंडला पोचले तेव्हा वेळेला अकरा मिनिटं बाकी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात पदक घातलं, फोटो काढला. फोटोत मी हसते आहे.

हेमाच्या गुडघ्यातली गादी फाटली होती. आतली कूर्चाही गेली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, ते नीट झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल, फिराल, फक्त खाली बसू नका, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका. डॉक्टरांना हे सांगायला दहा सेकंद लागली. पण मासळीवालीचं सगळं आयुष्य खाली बसून असतं. पाटावर बसायचं, एक पाय दुमडून कोयत्याची फळी दाबायची, वाकून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं. हेमा आता बाजारात उंच स्टुलावर बसते, समोर टेबल मांडून. पहिले काही महिने बाकीच्या बायका तिला ‘मॅडम’ म्हणायच्या. थट्टेनंच, पण म्हणायच्या. वाकताना तिचं लक्ष गिऱ्हाइकाकडे नसतं, गुडघ्याकडे असतं, हे मला लांबून दिसतं.

समीरला मी फोन केला. तो मनापासून हळहळला. मग म्हणाला, “पण ताई, खरं सांगू का, ही युजरची चूक आहे. चार्ज बघायला हवा होता ना निघताना.” आणि तो बरोबर होता, हेच मला सहन झालं नाही. पुढच्या थंडीत त्यानं सांगितलं की आता हा प्रॉब्लेम कंपन्यांनी सोडवलाय. नव्या सायकलला वायरच नाही, बॅटऱ्या काढून बदलता येतात, जास्तीची एक खिशात ठेवायची. त्याच्या पुढच्या थंडीत त्या बॅटरीचं चार्जिंग मोबाईलवर दाखवणारं ॲप आलं. यंदा त्या गिअरचं सॉफ्टवेअर अडकतंय. प्रत्येक नवं औषध आधीच्या औषधानं झालेल्या रोगावर. आणि मूळ दुखणं काय होतं? एक केबल. जी तुटली तर लक्ष्मणमामा पाच मिनिटांत बदलायचे, आणि ते नसले तर रस्त्यावरचा कुणीही. कुणाच्या हाताला काचत होती ती केबल? कुणी रडत गेलं होतं कंपनीकडे, की बाबांनो, मला गिअर बदलताना बोट हलवावं लागतं, माझी सुटका करा?

हे सगळं मी हेमाला ऐकवलं होतं. ऑपरेशननंतर दोनेक महिन्यांनी, तिच्या घरी. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि मी येरझारा घालत त्या सायकलीला, कंपन्यांना, समीरला शिव्या घालत होते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आणि रागात ती शुद्ध कोळी बोलीत जाते तशी सुरुवात करून मुद्दाम जमेल तेवढी माझ्या मराठीत आली, म्हणजे मला एकही शब्द चुकायला नको:

“मशीनला कशाला शिव्या घालतेस? ती काय स्वतः चालत आली माझ्या दारात? तू आणलीस. मी तुला नको म्हटलं होतं. तीनदा.”

माझ्या येरझारा थांबल्या.

“तुला वाटलं, ही कोळीण, नव्याला घाबरते. हो ना? आमच्या बोटीवर जीपीएस हाय. खालचा मासा दाखवणारं मशीन हाय. माझ्या भावानं ते पयल्यांदा लावलं तेव्हा तुमच्या बिल्डिंगीत लिफ्ट तरी होती का? पण त्यानं होकायंत्र फेकलं नाय दर्यात. का नाय फेकलं, विचार ना.”

“का?”

“कारण मधे दर्यात दुकान नाय.”

बाहेर कुणीतरी मांडवावरचे बोंबील काढत होतं, सुक्या मासळीचा खसखस आवाज येत होता. “माझ्या सायकलवर मी घाटात उतरले असते,” ती म्हणाली. “दम संपला असता तर चालले असते. लाज नव्हती. ती माझी होती, माझ्याबरोबर हरली असती. ही लोकांची. लोकांची वस्तू घेऊन हरायला नाय जमत मना.”

माझी तिडीक खोटी नाही, त्या काळ्या गुळगुळीत नळ्यांबद्दल मला जे वाटतं ते तसूभर कमी झालेलं नाही. वस्तू तुमच्या हाताला बंद होते तेव्हा ती वापरायची तुम्हाला परवानगी असते, पण ती तुमची नसते. घरातला पाहुणा असावा तशी. आणि ज्यांनी ती बंद केली ते तुमच्या रस्त्यावर कधीच नसतात. पण ती वस्तू दारापर्यंत कुणीतरी आणतं. प्रेमानं आणतं. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून आणतं. त्या माणसाबद्दल रागानं लिहिणं जास्त कठीण आहे.

गेल्या आठवड्यात समीरचा मेसेज आला, खास मला. ‘सुमनताई, हेमाताईंसाठी एक आयडिया. बॅटरीवर पळणारी सायकल. पायडलला मोटरची मदत, गुडघ्याला झीरो लोड. आमच्या ओळखीत एक आहे, वापरायला देतील.’ मी तिथल्या तिथे ‘नको’ लिहिलं. पाठवायच्या आधी अंगठा थांबला. मी परत तेच करत होते. तेव्हा ‘हो’ मी म्हटलं होतं, आता ‘नको’ही मीच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून सुटून बाजारात गेले. हेमा स्टुलावर बसून पापलेट साफ करत होती. मी मेसेज वाचून दाखवला. शब्दाला शब्द, माझं मत न घालता. ते घालायचं नाही म्हणून गाल आतून चावून. तिनं सुरी पुसली. “लाव त्याला फोन. स्पीकरवर नको, हिकडे दे.”

खवल्यांनी चकाकणाऱ्या मनगटानं तिनं फोन खांद्याशी धरला.

“समीर, हेमा बोलते. तुझी सायकल किती वजनाची? ...बरं. माझ्या घराला तीन पायऱ्या हायत, कोण उचलणार? ...बरं, ते बघू. दुसरं. बॅटरी गेली तर नुसत्या पायडलवर चालते? ...जड म्हणजे किती जड, तू चालवून बघितलीस बॅटरी काढून? ...नाय ना. बघ मग आधी. आणि तिसरं. खाऱ्या हवेत आत पाणी गेलं, बंद पडली, तर ती उघडणार कोण? ...कंपनीत नाय रे बाबा. हितं. वर्सोव्यात. माणसाचं नाव सांग.”

मी तिच्याकडे बघत होते. पलीकडे समीर होता, ज्याच्याकडे गेली दहा वर्षं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. हेमा वाट बघत होती. एका गिऱ्हाइकाला तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

“विचारून सांगतोस? सांग ना,” ती म्हणाली. “घाई नाय. मी हितंच हाय.”

फोन मला परत देऊन तिनं सुरी उचलली आणि गिऱ्हाइकाला विचारलं, “तुकडे कसे करू?”